कामाला माणूस उभा लागतो

२४ फेब्रुवारी, सोमवार

फोन आला. शेवटी एकदाचा! इग्नेशियसचाच आवाज, पण बोलत होता इंग्रजीत. बायकोशी इंग्रजीत! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आमची भांडणंसुद्धा कधी इंग्रजीत झाली नाहीत. म्हणजे शेजारी कोणीतरी उभं होतं आणि त्याला सगळं समजलं पाहिजे अशी अट होती.

पासपोर्ट काढून घेतलाय. खाणीच्या फाटकाला दुसऱ्याच कंपनीचं कुलूप. त्याला पोलिसांच्या विश्रामगृहात ठेवलंय, बाहेर पडायचं नाही. "आय ॲम ओके," असं दोनदा म्हणाला. एकदाच म्हणाला असता तर विश्वास ठेवला असता.

त्या देशाचं नाव मी या वहीत लिहिणार नाही. आफ्रिकेत आहे, एवढं पुरे. 'तिकडे' म्हणेन.

ज्युली ऑफिसातून आल्यावर तिला सांगितलं. पोरगी रडली नाही, लगेच फोनवर कायदे शोधायला लागली. "मम्मी, हे इल्लीगल आहे!" म्हणाली. अगं, ते त्यांनाही माहीत आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

तुळिंजला शत्रुघ्नभाऊंकडे जाऊन आले. इग्नेशियसचे जुने भागीदार. हायवेच्या पलीकडे दोघांची दगडखाण होती. ती बंद पडली आणि कोणीतरी यांच्या डोक्यात तिकडचा डोंगर भरवला. ग्राफाइटचा डोंगर! पेन्सिलीतलं शिसं ते हेच. माझ्या वर्गातली पोरं पेन्सिली चावून चावून फेकून देतात आणि माझा नवरा त्याच्यापायी समुद्रापार गेला. म्हणे आता गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागतं, सोन्याचा भाव येणार. आम्ही वाडीचा विहिरीकडचा तुकडा विकला. गावातल्या आणखी चार घरांनी आपापला वाटा घातला, इग्नेशियसच्या शब्दावर.

शत्रुघ्नभाऊंचा चेहरा पांढराफटक. "वहिनी, तिकडचा मंत्री बदलला. जुन्याने आपल्याला परवाना दिला होता. नव्याने तोच डोंगर आपल्या जावयाच्या कंपनीला दिला."

मी म्हटलं, एकच डोंगर दोघांना कसा देतात?

"कागदावर कितीही वेळा देता येतो, वहिनी."

त्याआधी म्हणे नव्या मंत्र्याने माणूस पाठवला होता. अर्धी खाण जावयाच्या नावावर करा, मग सगळं सुरळीत. इग्नेशियसने सांगितलं, यात माझ्या गावच्या लोकांचा वाटा आहे, त्यांना विचारल्याशिवाय मी सही करणार नाही. झालं! आठ दिवसांत गुन्हा दाखल. काय, तर दगडाचे नमुने चोरून परदेशी पाठवले. प्रयोगशाळेत तपासायला पाठवलेली पोती ती, आणि त्या प्रत्येक पोत्यावर त्यांच्याच खात्याचा शिक्का आहे. बळी तो कान पिळी.

शेजारचा डोंगर ऑस्ट्रेलियाच्या एका कंपनीकडे होता. त्यांच्याशीही हेच केलं. त्यांनी माणसं विमानात घातली आणि निघून गेले, आता परदेशातल्या कोर्टात दावा लावलाय. त्यांच्या मागे त्यांचं सरकार, वकिलांची फौज. आमच्या मागे कोण, तर आमचं गास गाव.

"तुम्ही जाऊन या ना," मी म्हटलं.

"माझंही नाव परवान्यावर आहे. मी गेलो तर मलाही धरतील." खाली मान घालून बोलले. भित्रा कुठला! असं मनात म्हटलं. मी चहा न घेता उठले.

२ मार्च, रविवार

चर्चमध्ये मिस्साला गेले. नसते गेले तर लोक म्हणाले असते, तोंड लपवते. त्या चार घरांतली माणसं मिस्सा संपल्यावर विचारायला आली, आणि एकानेही पैशाचं नाव काढलं नाही. "इग्नेस कसा आहे?" एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

५ मार्च, राखेचा बुधवार

फादरांनी कपाळाला राख लावली. घरी आले, तोंड धुवायच्या आत इग्नेशियसच्या तिकडच्या वकिलाचा मेसेज. इग्नेशियसला विश्रामगृहातून कोठडीत हलवलं.

दूतावासात फोन केला. तिथला गृहस्थ चांगलं बोलला. म्हणाला, धीर धरा, प्रकरण हळूहळू हलतंय, गाजावाजा करू नका. हलतंय म्हणे! कुठे हलतंय? विश्रामगृहातून कोठडीत हलतंय!

याला साखरेचा त्रास. गोळ्या कोण देत असेल?

८ मार्च, शनिवार

दोन मिनिटं बोलायला दिलं. परत इंग्रजी. "डोन्ट सेंड एनीबडी. जस्ट वेट." कोणाला पाठवू नका, थांबा.

थांबा! हा माणूस आयुष्यभर हेच म्हणत आलाय. घराचं छप्पर गळतंय, थांब. ज्युलीला ताप आलाय, थांब जरा, उतरेल. कोणाला त्रास द्यायचा नाही, कोणाचे उपकार घ्यायचे नाहीत. कोठडीतही अभिमान सुटत नाही याचा. मी नाही थांबणार.

९ मार्च, रविवार

आल्बर्टकडे गेले. माझा धाकटा भाऊ. गावात कोणाचंही काम अडलं, सातबारा असो, रेशनकार्ड असो, ठाण्यात अडकलेली मोटरसायकल असो, की आल्बर्टला बोलावतात. तो कोणाला पैसे चारत नाही. चारायला त्याच्याकडे आहेत कुठे! त्याची रीत एकच. कचेरीत जायचं आणि साहेबाच्या दाराबाहेर बाकावर बसायचं. साहेब बाहेर आला की उठून उभं राहायचं. बोलायचं काही नाही. दुसऱ्या दिवशी परत. मग एक दिवस साहेबच विचारतो, "तुमचं काय हो?" तेव्हा हसून आपल्या वाडीतल्या सुकेळीची पुडी पुढे करायची. उन्हात वाळवलेली आमची वसईची केळी ती, कोण नाही म्हणणार! वसईच्या कोर्टात, तहसीलदाराकडे, सगळीकडे हे चालताना मी पाहिलंय. याच्या मागे माणूस आहे, हे साहेबाला दिसलं पाहिजे. आमचे पप्पाही तेच सांगायचे. कामाला माणूस उभा लागतो. फोनवर आणि कागदावर काही होत नाही.

मी सगळं सांगितलं. आल्बर्ट म्हणाला, "तिकडे कोणीच नाय गेला अजून? मग कसा सोडतील त्याला, बाय? त्यांना वाटत असेल याला कोन नाय."

नेमकं हेच माझ्या मनात होतं!

प्रिस्का, त्याची बायको, शिलाईयंत्रावर होती. ईस्टरनंतरच्या लग्नांचे गाऊन शिवते ती. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, "मटिल्डाबाय, इकडे त्यांना सगळे ओळखतात म्हणून काम होतं. तिकडे कोण ओळखतं?"

मी म्हटलं, "तुझा नवरा तिकडे अडकला असता तर माझा नवरा गेला असता."

हे वाक्य मी घरातूनच तयार करून नेलं होतं. तिने टाचण्या परत तोंडात धरल्या आणि यंत्र सुरू केलं.

१२ मार्च, बुधवार

आल्बर्टचा पासपोर्ट आहे. त्याने आणि प्रिस्काने येशूच्या पवित्रभूमीच्या यात्रेसाठी काढला होता, तिथे लढाई लागली आणि यात्रा रद्द झाली. व्हिसा ज्युलीने भरला. शत्रुघ्नभाऊंनी फोन करून सांगितलं, "वहिनी, पाठवू नका, माझं ऐका." ठेवून दिला फोन. स्वतः जात नाहीत, दुसऱ्यालाही जाऊ देत नाहीत.

१५ मार्च, शनिवार

प्रिस्का एकटी आली. बसली नाही. म्हणाली, मेमध्ये आमच्या मुलीच्या, पिंकीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा सोहळा आहे, तोवर येतील ना हे? मी म्हटलं, अगं, दोन आठवड्यांचं तर काम. कशाच्या आधारावर बोलले, देव जाणे. शिक्षिकेची सवय. पोरांनी विचारलं की उत्तर द्यायचंच, माहीत असो नसो.

१९ मार्च, बुधवार

आल्बर्ट गेला. लग्नातला कोट घातला होता, पोटावर बटण लागत नव्हतं. बॅगेत इग्नेशियसच्या गोळ्या, फादरांनी दिलेली रोझरी आणि सुकेळीच्या पुड्या. मी म्हटलं, एवढ्या कशाला? "बाय, टेबल सगळीकडे सारखाच. पलीकडचा माणूस वेगळा, एवढाच."

पिंकीने त्याच्या कोटाचा खिसा धरून ठेवला होता. प्रिस्काने सोडवला.

२१ मार्च, शुक्रवार

आल्बर्टचा फोन! काल पोचला, आज सकाळी ठाण्यात जाऊन बाकावर बसला. तिथल्या अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी आत बोलावलं. पहिल्याच दिवशी! वसईत आठवडा जातो. खुर्ची दिली, सुकेळी घेतली, तुम्ही त्याचे कोण, घरी कोण कोण असतं, सगळं आपुलकीने विचारलं. उद्या परत या म्हणाला.

मला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं! आज किती दिवसांनी पोटभर जेवले. ज्युली म्हणाली, "मम्मी, तू हसलीस."

२४ मार्च, सोमवार

त्याला इग्नेशियसला भेटू दिलं. पाच मिनिटं. मी विचारलं, तुला बघून काय म्हणाला? आल्बर्ट म्हणाला, "काय नाय. रडला." त्याचा आवाज कसातरीच लागला. प्रवासाचा शीण असेल, तिकडचं पाणीही मानवत नसेल.

२७ मार्च, गुरुवार

अधिकारी रोज बोलावतो, रोज बसवून ठेवतो. आज मंत्र्याच्या जावयाचा माणूस येऊन गेला. परवाना सोडून देतो असं लिहून द्या म्हणाला. शत्रुघ्नभाऊ लगेच तयार झाले. मीही म्हटलं, द्या, डोंगर घाला खड्ड्यात! चारही घरांना जाऊन विचारलं. सगळ्यांनी हो म्हटलं. एका म्हातारीने वाटा घालताना गळ्यातली पोत मोडली होती. ती म्हणाली, "माणूस आना आधी." मी तिच्या पायऱ्या उतरताना पदराने डोळे पुसले.

दिलं लिहून. सगळ्यांच्या सह्यांनिशी. आता डोंगर त्यांचा.

३१ मार्च, सोमवार

डोंगर घेतला आणि माणूसही सोडत नाहीत! म्हणतात परवान्याचा विषय वेगळा, गुन्ह्याचा वेगळा. वाटलं फोन भिंतीवर फेकावा. आमच्या शाळेतला सगळ्यात दंगेखोर वर्ग सांभाळते मी, कधी कोणाला फटका मारला नाही, पण तो मंत्री समोर आला तर काय करीन सांगता येत नाही.

इग्नेशियसचे पाय सुजलेत. आल्बर्टने गोळ्या दिल्या पण उशीर झाला.

१ एप्रिल, मंगळवार

अधिकाऱ्याने तोड काढली. आजारी माणसाला उपचारासाठी घरी जाऊ देतो, पण सुनावणी होईपर्यंत घरचा एक माणूस त्याच्या जागी इथे राहिला पाहिजे. पासपोर्ट जमा करून. म्हणजे जामीन. पैशाचा नव्हे, जिवंत माणसाचा.

आल्बर्ट फोनवर म्हणाला, "बाय, तू सांग. तू सांगशील तसा करतो."

लहानपणी विहिरीत उडी मारायच्या आधी हा असंच विचारायचा. मी वर उभी राहून सांगायची, मार.

मी म्हटलं, प्रिस्काला विचारून सांगते.

विचारलं नाही. तासाभराने परत फोन केला आणि हो म्हटलं. ती नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं? म्हणून विचारलंच नाही. संध्याकाळी जाऊन तिला सांगितलं, तिकडच्यांनी ठरवलं, आपल्या हातात काही नव्हतं. तिने पांढऱ्या कापडाचा तागा मांडीवरून खाली ठेवला आणि विचारलं, "ते स्वतःहून राहिले?" मी मान हलवली. खोटं तरी काय त्यात. पण खरंही नाही.

देवा, माझा नवरा येतोय. मला आनंद का होत नाही?

५ एप्रिल, शनिवार

इग्नेशियस आला. पायात चप्पल जात नाही, अनवाणीच उतरला. निम्मा झालाय. अर्धा गाव अंगणात होता. प्रिस्काही. तो उतरल्यावर तिने गाडीचं दुसरं दार उघडतं का ते पाहिलं. ठाऊक असूनही पाहिलं. मग पुढे होऊन त्याला हात दिला आणि घरात आणला.

तो कोणाशी बोलत नाही. सांगितलं की जेवतो. सांगितलं की झोपतो. मी जवळ गेले तर भिंतीकडे तोंड करतो. डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, वेळ द्या.

८ एप्रिल, मंगळवार

सुनावणी पुढे ढकलली. तारीख दिली नाही.

१० एप्रिल, गुरुवार

आल्बर्टचा फोन लागत नाही. वकील म्हणतो, त्यालाही आत घेतलंय. कोणत्या गुन्ह्यासाठी? "चौकशी." वकिलाने वर आणखी विचारलं, त्याच्या मागे घरी कोण आहे? मी फोन ठेवला.

शत्रुघ्नभाऊंनी कोणाकडून तरी आलेला फोटो दाखवला. आमच्या डोंगरावर जावयाची यंत्रं चाललीत. ऑस्ट्रेलियावाल्यांची सोडून गेलेली यंत्रं! नुसता रंग बदललाय.

पोळीचं पीठ मळायला घेतलं आणि तिथेच ओट्यापाशी बसून राहिले. ज्युलीने मळलं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

प्रिस्का मिस्सानंतर घरी आली, हातात झावळी तशीच. म्हणाली, "मी जाते तिकडे. यांच्या मागे कोणीतरी उभं राहिलं पाहिजे. तुम्हीच म्हणता ना, माणूस दिसला पाहिजे. बाईमाणूस बघून त्यांना दया येईल." पिंकीला आपल्या आईकडे ठेवणार. गाऊन शेजारणीला दिलेत शिवायला.

इग्नेशियस टेबलावरून उठला आणि ताट तसंच टाकून वाडीत निघून गेला. मला राग आला. ज्याच्यासाठी आल्बर्ट अडकला, त्याने निदान दोन शब्द तिच्याशी बोलावेत की नाही?

मी प्रिस्काचा हात हातात घेतला आणि म्हटलं, जा. हिंमतीची आहेस. तू गेलीस तर सुटेल तो. ज्युलीला सांगून तिचा व्हिसा भरायला लावला.

१६ एप्रिल, बुधवार

इग्नेशियस आज बोलला. प्रिस्काची बॅग भरून झाली, असं ज्युली सांगत होती, तेव्हा.

त्याला सोडणारच होते. ज्या शुक्रवारी आल्बर्ट तिथल्या बाकावर जाऊन बसला, त्याच शुक्रवारी. पासपोर्ट टेबलावर काढून ठेवला होता. अधिकारी त्याला आदल्या दिवशी म्हणाला होता, तुझ्यामागे कोणी येत नाही, तुला फुकट किती दिवस खायला घालायचं, उद्या चालू लाग. सकाळी आल्बर्ट दिसला. अधिकाऱ्याने पासपोर्ट उचलून परत खणात टाकला.

आल्बर्टला हे माहीत आहे. भेटीच्या त्या पाच मिनिटांत इग्नेशियसने त्याला सांगितलं. "बायला सांगू नको," एवढंच आल्बर्ट म्हणाला.

प्रिस्काचं विमान उद्या आहे. तिला थांबवायचं तर हे सगळं सांगावं लागेल, आणि मीच सांगायला हवं. चप्पल घालून निघालेय. ज्युली म्हणते, मी येते सोबत. नको म्हटलं.